दारावरच्या बाईचा आवाज

“मावशी, भांडायचं नाहीये. बोलायचंय,” शेखरने पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा सिंधुबाईने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्याला ऐकवलं की, बाबा रे, मी बोलतेच आहे, माझं बोलणंच असं आहे, नसेल पटत तर दुसरी कुणी बघ.

दुसरी कुठून बघणार होता बिचारा? इंदिरानगरातल्या फ्लॅटची मागची खोली त्याने भिंतींना गाद्या ठोकून आणि खिडकीला गोधड्या लावून रेकॉर्डिंगसाठी तयार केली होती. एरवी नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी ही प्रभूची सेवा. परदेशात कुणीतरी एका जुन्या ख्रिस्ती रूपककथेचं कार्टून केलं होतं, पोराबाळांसकट सगळ्यांनी बसून बघावं असं, आणि ते मराठीत आणायचं नाशिकच्या चर्चच्या मंडळीने अंगावर घेतलं होतं. आवाज सगळे घरचेच. गोष्टीतल्या सावकाराचा आवाज चर्चच्या खजिनदारांनी दिला होता, आणि तो फारच शोभला असं लोक मागाहून म्हणाले. राहिली होती फक्त शेवटची दारावरची बाई. तिचं पाळकसाहेबांच्या मिसेस बोलणार होत्या, पण ऐनवेळी त्यांचा घसा बसला, आणि पाळकसाहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी सिंधुबाईला धाडून दिलं.

गोष्ट मंडळीत सगळ्यांना तोंडपाठ होती. मिशनच्या काळात छापलेलं ते पुस्तक नाताळाआधी घराघरांत मोठ्याने वाचायची पद्धत. एक माणूस हातात कंदील घेऊन राजाच्या घरी निघालेला असतो आणि रात्रभर चालत असतो. वाटेत भेटतात त्यांची नावं ऐकून लहानपणी हसू यायचं. संशय नावाचा न्हावी, उद्या नावाचा सावकार, लोकलाज नावाची आत्या. ज्याला त्याला याच्या कंदिलातलं थोडंथोडं तेल हवं असतं. शेवटी कसाबसा तो दाराशी पोचतो, आणि तिथे उभी असलेली बाई म्हणते, “कंदील ठेव आता. उजाडलंय. आत ये.” खरं तर दारावर कोण उभं असतं ते पुस्तकात लिहिलेलंच नव्हतं. पण वाचणाऱ्या इथल्या बायका. उशिरा घरी येणाऱ्याला दार कोण उघडतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ती बाईच झाली. परदेशी चित्रकारांनी तिथे डोक्यावरून वस्त्र घेतलेली, चेहरा न दिसणारी एक उंच आकृती काढली होती आणि तिला चक्क पुरुषाचा आवाज दिला होता. तो ऐकल्यावर मंडळीतल्या बायांनी साफ सांगितलं की हे चालायचं नाही, आमच्या दारावर बाईच पाहिजे.

तर अशी ही तीन छोटी वाक्यं. सिंधुबाईच्या तोंडून मात्र ती कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घातल्यासारखी बाहेर पडत होती. तिचा तरी काय दोष? म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल करायची हे तिचं काम, आणि त्यातली निम्मी म्हातारी कानाने अधू. घर देवळाली कॅम्पात. घरी नवरा जयराम अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळलेला, आणि बाहेर लष्कराच्या तोफांचा सराव. तावदानं थडथडत असताना हळू बोलून भागत नाही. गल्लीत म्हणायचे की सिंधुबाई कुजबुजली तरी भगूरला ऐकू जातं.

शेवटी शेखर म्हणाला, “मावशी, झोपलेल्या माणसाला उठवायचंय, पण दचकवायचं नाही. असं कधी कुणाला उठवलंय तुम्ही?”

सिंधुबाईला आठवलं. उठवलं होतं. लग्नानंतरची पहिली वर्षं होती ती. जयराम कॅम्पाच्या पाणीपुरवठ्यावर पंप चालवायचा, कायम रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायचा, आणि दुपार कलली की ती त्याच्या उशाशी जाऊन बसायची आणि काहीबाही बोलत राहायची, शेजारणीचं, भाजीचं, तो जागा होईस्तोवर. गजराचं घड्याळ त्यांच्या घरात कधी आलंच नाही. पुढे मुलगी झाली, ती वाढली, तिचं लग्न झालं, ती सुरतेला गेली, मध्ये सतराशे साठ कटकटी झाल्या, आणि तसं बोलणं कधी सुटलं ते दोघांनाही कळलं नाही.

तिने हेडफोन परत चढवले, डोळे मिटले आणि ती तीन वाक्यं म्हटली.

शेखरने रेकॉर्डिंग बंद केलं. मग उठून आला आणि म्हणाला की झालं, मावशी, परत नका म्हणू. त्याच्या हातावर काटा आला होता, आणि तो लपवायला त्याने सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या. सिंधुबाईला त्याची गंमत वाटली. एवढ्याशा बोलण्यावर काटा काय यायचा? चहा पिऊन ती बसने घरी आली आणि ते सगळं विसरूनही गेली.

चर्चच्या आवारात पडदा लावून चित्रपट दाखवला त्या संध्याकाळी मात्र तिला काही विसरता आलं नाही. सतरंज्यांवर सगळी मंडळी ऐसपैस बसलेली, लेकरांच्या हातात चिवड्याच्या पुड्या, सावकार आला की सगळे खजिनदारांकडे बघून फिदीफिदी हसायचे. जयरामलाही शेजारच्या मीनाने चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. शेवट आला. पडद्यावर ती उंच आकृती दारात उभी राहिली आणि बोलली. चिवड्याची पुडी चुरगळल्याचाही आवाज नाही. पुढे बसलेल्या लेकरांनी आयांच्या कुशीत तोंडं खुपसली, आणि म्हातारे लोक, ज्यांना खरं तर घाबरायला हवं होतं, ते माना पुढे काढून ऐकत राहिले. सिंधुबाई स्वतःशीच म्हणाली की ही मी नव्हे. माझाच आवाज आहे, पण ही मी नव्हे.

त्यानंतरच्या रविवारी एकही लेकरू तिच्याकडे गोळी मागायला आलं नाही. दर उपासनेनंतर पिशवीतून श्रीखंडाच्या गोळ्या वाटायची तिची सवय. आधी तिला वाईट वाटलं, मग राग आला, मग घरी जाताना तिने त्या सगळ्या गोळ्या स्वतःच खाऊन टाकल्या.

जयरामचं उलटच झालं. त्याने मीनाकडून तो चित्रपट आपल्या फोनवर घालून घेतला आणि उजव्या हाताने फोन छातीवर धरून बघत पडायचा. अख्खा नाही, फक्त शेवट. संपला की बोटाने मागे न्यायचा आणि पुन्हा बघायचा. सिंधुबाईला वाटलं, चला, म्हातारपणी का होईना माणूस देवाच्या वाटेला लागला.

तेव्हा ती इंदिरानगरातच लताबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडे जात होती. देवघरात गणपती, अंगणात तुळस, ख्रिस्ती चित्रपट त्या घरात यायचं काही कारणच नव्हतं. एका सोमवारी सकाळी अंग पुसून देताना लताबाई तिला म्हणाल्या, “काल किती छान बोलत होतीस गं. रोज तशी का नाही बोलत?”

काल रविवार. रविवारी सिंधुबाईची सुट्टी. तिने मनावर घेतलं नाही. म्हातारपणी वारांचा घोळ होतोच, आणि लताबाईंचा तर महिन्यांचाही व्हायचा. पण दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तर दारात चपलांचा ढीग. लताबाई पहाटे झोपेतच गेल्या होत्या. माणसं पांगल्यावर त्यांची सून स्नेहल तिला बाजूला घेऊन म्हणाली, “मावशी, रविवारी दुपारी तुम्ही येऊन गेलात का? मी जिना चढत होते, तर आईंच्या खोलीतून तुमचा आवाज येत होता. वर येऊन बघते तर त्या एकट्याच. इतक्या प्रसन्न दिसत होत्या, की मी काही विचारलंच नाही.”

सिंधुबाई म्हणाली की नाही बाई, मी कशाला येऊ. भास झाला असेल, असं स्नेहलने स्वतःच मान्य केलं. सिंधुबाईनेही मान्य केलं. घरी येताना मात्र बसमध्ये शेजारी कुणीतरी बोलत होतं तर ती दोनदा दचकून वळली.

मग देखभालीच्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोने तिला निफाडकडे पाठवलं. द्राक्षबागायतदाराचं घर, मुलगा मोतीराम सज्जन, आणि त्याचे वडील कारभारी ठार बहिरे. कित्येक वर्षांत त्यांच्या कानात चिमणीचा आवाज शिरला नव्हता. त्यांच्याशी सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. सिंधुबाईला तर बरंच वाटलं, इथे तोंडाला विश्रांती. बागेत छाटलेले घड क्रेटमध्ये भरणं चाललेलं असायचं आणि म्हातारा ओसरीवर बसून ते बघत असायचा. एके दुपारी ती त्याला गोळ्या द्यायला गेली, तर त्याने तिचं मनगट धरलं.

“बाई, आज तुझं बोलनं आलं बग माझ्या कानाला,” म्हातारा म्हणाला. “लय दिसांनी काय तरी आलं. लय ग्वाड बोलतीस गं.”

सिंधुबाई सकाळपासून त्या घरात एक शब्द बोलली नव्हती. बहिऱ्याशी बोलायचं तरी कशाला? आणि या माणसाने तिचा आवाज जन्मात ऐकलेला नाही, तो तिचाच हे त्याला कळलं कसं? तिने हातानेच विचारलं की मी काय बोलले.

“हातातलं ठिव म्हनालीस. म्या म्हनलं, माज्या हातात काय हाय? तर हासलीस.” एवढं सांगून म्हाताराही हसला, आणि तिचं मनगट त्याने बराच वेळ सोडलं नाही.

बागेतला शेवटचा माल गाडीत चढला त्या दिवशी कारभारी गेले. मोतीराम सिंधुबाईच्या पाया पडला. म्हणाला, आबा हसतहसत गेले, तुमचे उपकार. तिने पाय मागे घेतले. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, मी काही केलं नाही, मी तोंडही उघडलं नाही. पण ओरडायला गेली तर घशातून शब्द निघेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं तिला.

गोष्टी पसरायला काय लागतं? पुढच्या घरी, गंगापूर रोडला, तिने चप्पल काढायच्या आतच त्या घरच्या लेकीने हात जोडले आणि म्हणाली की आमची आई फार दिवस अडकली आहे, तुम्ही आलात की माणूस सुटतो असं ऐकलंय. सिंधुबाईची पाचावर धारण बसली. आत पलंगावर ती आई छताकडे बघत पडली होती, आणि तिचे ओठ हलत होते, कुणाच्या तरी बोलण्याला हो म्हटल्यासारखे. पाण्याचा पेला तसाच ठेवून सिंधुबाई उलट्या पावली बाहेर पडली.

पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि योगायोगाला घाबरू नये म्हणून सांगितलं. तिला तेवढ्याने धीर येईना. ती थेट शेखरकडे गेली आणि म्हणाली की माझा आवाज त्यातून काढ, लागलीच काढ, कुणाचाही घाल.

शेखरने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग त्याने तिला खुर्चीवर बसवलं.

“मावशी, तो मी केव्हाच काढलाय,” तो म्हणाला. “मुलं घाबरतात म्हणून पाळकसाहेबांनीच सांगितलं होतं. आवारात दाखवला त्याच आठवड्यात काढला. आता तिथे नुसती बासरी आहे.”

त्याने लावूनही दाखवलं. पडद्यावर ती आकृती दारात येते, बासरी वाजते, कंदीलवाला आत जातो. कुणी बोलत नाही. सिंधुबाईचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात शेखर खाली मान घालून पुढचं बोलला. हीच बासरीवाली प्रत त्याने मागच्या महिन्यात मनमाडला आणि संगमनेरला दाखवली होती. दोन्हीकडे म्हाताऱ्या माणसांनी त्याला थांबवून विचारलं होतं की शेवटी बोलते ती बाई कोण, काय तिचा आवाज. तो म्हणाला, मी त्यांना काय सांगणार होतो, मावशी? मी म्हटलं, आमच्या मंडळीतली एक आहे.

घरी आल्यावर पहिली गोष्ट तिने कोणती केली असेल, तर जयरामच्या छातीवरचा फोन हिसकावला आणि मीनाला बोलावून तो चित्रपट पुसून टाकला. त्यात तर अजून जुनी प्रत होती, तिच्या आवाजाची. जयराम चिडला. झटक्यापासून त्याचं बोलणं जड झालं होतं, पण त्या दिवशी स्पष्ट बोलला.

“माझं होतं ते. का पुसलंस?”

ती म्हणाली की प्रार्थना करायची तर शास्त्र वाचून दाखवते, कार्टून कशाला हवं म्हाताऱ्या माणसाला.

“प्रार्थना कोण करतंय?” जयराम म्हणाला. “तुझा आवाज ऐकत होतो मी. असं बोलायचीस तू माझ्याशी. किती वर्षं झाली, सिंधू. मला वाटलं होतं, तो आवाज मला स्वप्नातच ऐकू आला होता की काय. आता सापडला तर पुसून टाकलास.”

जगाच्या म्हाताऱ्यांना गोंजारून आल्यावर घरच्या माणसासाठी उरायचा तो फक्त आरडाओरडा, हे सिंधुबाईला कळत नव्हतं असं नाही. पण कळून काय करणार? त्याला हवं होतं ते देणं तिच्या हातात होतं, आणि तेच तर तिला द्यायचं नव्हतं. ज्याच्या ज्याच्याशी तो आवाज घरात येऊन बोलला तो उठून गेला. आणि जयराम तिला हवा होता. अर्धा लुळा, चिडका, कसाही, पण हवा होता. तो नसलेल्या घराचा विचार तिच्याने करवत नव्हता. तिने त्याला सांगितलं की असले लाड मला जमणार नाहीत, आणि भांडी घासायला बसली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्तच झाला.

थोडे दिवस बरे गेले. कामाला तर जायलाच हवं होतं, ती भगूरच्या एका घरी जाऊ लागली, मीना दुपारी जयरामकडे बघायची. आणि एका संध्याकाळी ती परतली तर जयराम उशीवर टेकून तिची वाट बघत असलेला, चेहऱ्यावर कधी नव्हे ती तरतरी.

“दुपारी आलीस ती दारातच का उभी राहिलीस?” त्याने विचारलं.

पिशवी तिच्या हातून गळून पडली. टोमॅटो खाटेखाली गेले. तिने अगदी सांभाळून विचारलं की मी काही बोलले का.

“नाही. नुसती उभी. मी म्हटलं, बोल की. पण तेवढ्यात मीना मोठमोठ्याने बोलत आत आली, आणि तू गेलीस.”

त्या दिवसापासून सिंधुबाईने काम सोडलं. ब्युरोचे फोन आले, तिने घेतले नाहीत. तिने मनाशी एक पक्कं केलं होतं. मोठ्याने बोलणं चालू असलं की ती दारातली बोलत नाही. मग आपण बोलणं थांबवायचंच नाही. झालं, तोंडाचा पट्टा सुरू झाला. उन्हं तोंडावर आली तरी कूस वळत नाही, माणूस आहात की पोतं. दूध सांडलंत पुन्हा. त्या खिडकीकडे काय बघताय, तिथे काय सोनं लागलंय. आजूबाजूच्यांच्या कानठळ्या बसल्या. मीना एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली की काकू, आजारी माणसाला असं बोलू नये हो. काय सांगणार तिला? हे मी त्यांना जगवते आहे, असं सांगितलं असतं तर पोरीने तिलाच डॉक्टरकडे नेलं असतं. दारावरून जाणारे लोक कीव करून जयरामकडे बघायचे, आणि सिंधुबाई नळ सोडून मोरीत रडून घ्यायची, आणि रडतानाही मध्येमध्ये ओरडायची, न जाणो, खंड पडायचा.

जयराम मात्र दिवसेंदिवस उतरत चालला. जेवण घटलं. दाराकडे तोंड करून पडायचा, आणि तिचं ओरडणं चालू असताना अधूनमधून दाराकडे बघून मान हलवायचा, थोडं थांब म्हटल्यासारखी. सिंधुबाईने दार लावून घेतलं. मग तो लावलेल्या दाराकडे बघून मान हलवू लागला.

अशाच एका दुपारी तोफांचा सराव थांबला होता आणि सगळा कॅम्प कसा चिडीचूप झाला होता. ती औषधाच्या बाटलीवरून काहीतरी करवादत होती. जयरामने उजवा हात वर केला.

“सिंधू, पुरे आता. घसा फाटला तुझा,” तो म्हणाला. “तू का ओरडतेस ते मला कळत नाही का? ती बोलायला लागू नये म्हणून.”

सिंधुबाई खाटेच्या कडेला मटकन बसली. म्हणाली, “मग कळतंय तर तिच्याकडे बघता कशाला?”

“तिच्याकडून नकोच आहे मला. तुझ्याकडून ऐकायचंय. आवाज तुझा आहे, तिचा नाही. मी काही घाबरत नाही. पण असं शिव्या खात जायचं, हे नको गं वाटतं.”

या माणसाने आयुष्यात तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. जे ताटात पडलं ते खाल्लं, जी पाळी लागली ती केली. तिने पदराने डोळे पुसले, खुर्ची ओढून त्याच्या उशाशी घेतली, अगदी पूर्वीसारखी. म्हटलं, जे व्हायचं ते होवो, पण माझ्या तोंडून होवो. काय सांगायचं तेही ठरवलं होतं तिने. रात्रपाळी करून तो दिवसभर घरात झोपलेला असायचा, ती पावलं न वाजवता कामं करायची, आणि बायका तिची कीव करायच्या की नवऱ्याचं सुख नाही. पण तिला तेव्हा घर भरल्यासारखं वाटायचं. सगळ्या जन्मात तेवढं भरलेलं पुन्हा कधी वाटलं नाही. हे ती कुणालाच बोलली नव्हती, त्यालाही नाही.

तिने तोंड उघडलं, आणि बाहेर आला तो घोगरा, खरखरीत, बाजारातला आवाज. तिने खाकरून पाहिलं. हळू करायला गेली तर नुसतीच फुसफुस. डोळे मिटून, शेखरच्या खोलीत धरला होता तसा श्वास धरून पाहिला. तो आवाज तिच्यात नव्हताच. पुन्हापुन्हा हात घालूनही रिकामा निघणाऱ्या डब्यासारखं झालं. जयराम डोळे मिटून वाट बघत पडला होता. शेवटी ती म्हणाली, “येत नाही हो मला तो आता. मी कुठून आणू?”

जयरामने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि चांगल्या बाजूच्या ओठाने हसला. म्हणाला, “राहू दे. तू बोलायला बसलीस ना. जा, चहा टाक.”

ती स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं, पत्ती टाकली, आलं किसलं. ओरडायचं होतं तिला, खंड पडू द्यायचा नव्हता, पण अंगात त्राणच उरलं नव्हतं. दूध घालताना तिला ऐकू आलं. बाहेरच्या खोलीत कुणीतरी बोलत होतं. जयरामचा फोन इथेच ओट्यावर होता, बंद. दाराला आतून कडी होती. बाईचा आवाज, हलका, सावकाश, झोपलेल्या माणसाला दचकवायचं नाही असा. कंदिलाबिंदिलाचं त्यात काही नव्हतं. आवाज म्हणत होता की तुम्ही दिवसा घरात झोपलेले असायचात ना, मी पावलं न वाजवता फिरायचे, लोकांना माझी कीव यायची, पण मला घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

“हं,” जयराम म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “हं.” मग त्याच्या हसण्याचा आवाज आला, तरुण माणसाच्या हसण्याचा.

बाहेर धावावं, दोन किंकाळ्या माराव्यात, तिला हाकलून द्यावं, असं सिंधुबाईच्या मनात आलं. तिचे पाय दारापर्यंत गेलेही. पण बाहेरचं एकेक वाक्य तिचंच होतं. तिला जे जे सांगायचं होतं आणि तिच्याने सांगवलं नव्हतं, ते एकेक करून तो आवाज त्याला सांगत होता, आणि तो ऐकत होता.

चहा उतू जायला आला. तिने गॅस बंद केला. कपबश्या वाजू नयेत म्हणून त्या दोन्ही हातांनी छातीशी धरल्या, आणि बाहेरचं बोलणं संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.